मातीचे अकरा उंदीर: पेण ते रोहा

आमच्या बार्शीची माणसं कोकणात जातात ती बहुतेक अलिबागला नाहीतर हरिहरेश्वरला. पेण आणि रोहा ही त्यांच्या वाटेवरची गावं, तिथे मुद्दाम कोणी उतरत नाही. मी उतरलो, कारण माझी नववीतली मुलगी सायली आणि तिच्या वर्गातल्या दोन मुली एका स्पर्धेला निघाल्या होत्या आणि त्यांच्या बोराडे मॅडमना सोबत एक पालक हवा होता. परत येऊन पंधरा दिवस होत आले. कसा झाला प्रवास, असं विचारणाऱ्यांना मी ‘छान झाला’ एवढंच सांगत आलो आहे. ते खरं नाही, म्हणून सगळं लिहून काढतो.

आधी स्पर्धा काय होती ते सांगतो. शाळेतल्या मुलांना रोजच्या व्यवहारातली एखादी अडचण द्यायची, त्यांनी स्वतःच्या हातांनी काहीतरी बनवून ती सोडवायची, आणि बनवलेलं टिकतं का ते सर्वांसमोर तपासायचं. यंदाची अडचण पेणची होती. तिथल्या मूर्ती दूरदूर जातात आणि वाटेतल्या खड्ड्यांनी काही फुटतात. प्रत्येक संघाला पेणमध्ये कच्च्या शाडूची एक लहान मूर्ती मिळणार होती. आसपास मिळेल त्या सामानात ती बांधायची, थर्माकोल चालणार नाही. मग सगळी खोकी एकाच टेम्पोतून रोह्याला जाणार आणि तिथे उघडली जाणार. ज्यांची मूर्ती अभंग राहील त्यांत ज्याचं सामान सगळ्यात हलकं, तो पहिला. पुण्याच्या अंतिम फेरीत फक्त पहिला संघ जाणार होता.

पेण

जानेवारी होता, पण बार्शीची थंडी तिथे नव्हती. हवा ओलसर, अंगाला किंचित चिकटणारी. सकाळी न्याहारीला पोहे मिळाले. आमच्याकडे पोह्यांत शेंगदाणे नसले तर माणसं बशी परत करतात. तिथे वर ओलं खोबरं होतं, शेजारी भाजलेला पापड. मी दोन बशा खाल्ल्या आणि सायलीने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले.

मूर्तींसाठी आम्हाला एका कारखान्यात नेलं. कारखाना म्हणजे लांबच लांब पत्र्याची शेड. दोन्ही बाजूंना फळ्यांवर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, कोणाला हात बसवायचे राहिलेले, कोणाला सोंड. भाद्रपदाला अजून कितीतरी महिने होते, तरी मालकांना बोलायला सवड नव्हती. साठीचे गृहस्थ, बनियन आणि खांद्यावर मातीने माखलेला पंचा. आयोजकांपैकी पाटील सर, जे रोह्यालाच शिक्षक आहेत, त्यांनी अकरा गणपती मागितले तेव्हा मालक हातातलं काम थांबवून म्हणाले, “फोडायला गणपती मी देनार नाय.”

पाटील सर म्हणाले, अजून डोळे रेखलेले नाहीत, तोवर ती मातीच आहे.

“ते तुमी मला नका शिकवू,” मालक म्हणाले. “उंदीर न्या. त्याला कान हायत, शेपटी हाय, मोदक हाय. तो गणपतीच्या आधी तुटतो.”

अशा रीतीने अकरा संघांना अकरा उंदीर मिळाले. वीतभर उंचीचे, पुढच्या दोन पायांत मोदक धरलेले, कान पापडासारखे पातळ. मुलं खूश झाली. एका मुलाने तिथल्या तिथे उंदराला नाव ठेवलं आणि ते आमच्यापैकी एका शिक्षकाचं निघालं.

दुपारी एका शाळेच्या सभागृहात कामाला सुरुवात झाली. कोणी भाताचा कोंडा आणला, कोणी काथ्या, कोणी लाकडाचा भुसा. एका संघाने मच्छरदाणीच्या तुकड्याची झोळी करून उंदीर तीत टांगला होता आणि त्याला सगळे येताजाता झोका देत होते. आमच्या मुली फळांचं लाकडी खोकं आणि पेंढा घेऊन बसल्या. हा पेंढा म्हणजे भाताची काडी. आमच्याकडे ज्वारीचा कडबा, बोटाएवढा जाड. पेंढा हातात घेतला तर केसांसारखा बारीक आणि वाकवला की मोडणारा. मुलींच्या हातात त्याचा भुगा होत होता.

शेजारी निडीच्या तीन मुली होत्या. निडी हे रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. त्यांची पुढारी दर्शना, सायलीएवढीच, बारीक अंगाची, बोलताना हातातलं काम न थांबवणारी. तिने पेंढ्याची चुंबळ वळली होती. आपल्या बायका डोक्यावर हंडा ठेवायला घेतात तशीच, पण इतकी घट्ट आणि गोल की विकत आणल्यासारखी. खाली एक चुंबळ, वर एक, मध्ये पिशवीत गुंडाळलेला उंदीर, आणि सगळं एका बांबूच्या टोपलीत. सायली बराच वेळ तिच्याजवळ बसून होती. दोघी काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मला काम मिळालं होतं.

मी बाजार समितीत तोलाईचं काम पाहतो. काटा बरोबर आहे का, पोत्याचं वजन आणि कागदावरचं वजन जुळतं का, हे पाहण्यात माझी वीस वर्षं गेली. बोराडे मॅडमनी हे पाटील सरांना सांगितलं आणि त्यांनी खोकी तोलायचं काम माझ्यावर सोपवलं. पेणला बांधून झाल्यावर वजन करायचं, झाकणावर कागदी पट्टी खळीने चिकटवायची, आणि रोह्याला उघडण्याआधी परत वजन करायचं. पन्नास ग्रॅमपर्यंतचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर वाटेत कोणीतरी उघडून आतलं सामान हलवलं असं धरायचं.

मी एक अट घातली. माझ्या मुलीच्या संघाचं खोकं मी तोलणार नाही, ते दुसऱ्या कोणीतरी तोलावं. पाटील सर म्हणाले, “तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत.” मला ते ऐकून बरं वाटलं. किती बरं वाटलं हे आता आठवलं की मान खाली जाते.

नागोठणे

टेम्पो सकाळी निघाला. मागे उघडा, खोक्यांवर दोरी बांधलेली. आम्ही मागच्या बसमध्ये. मी पहाटे धुतलेला टॉवेल वाळला नव्हता, म्हणून तो टेम्पोच्या कडेच्या फळीला बांधून दिला. मुलांनी त्याला झेंडा म्हणायला सुरुवात केली. वडखळपुढचा रस्ता असा होता की टेम्पो एकेका खड्ड्यात उतरला की बसमधली सगळी मुलं एकदम “कान!” म्हणून ओरडायची, आणि पुढच्या खड्ड्याला “शेपटी!”

नागोठण्याला चहाला थांबलो. ऊन चांगलं वर आलं होतं, वारा होता. मी टेम्पोपाशी जाऊन टॉवेल सोडला. तो कडकडीत वाळला होता. घडी करून पिशवीत ठेवला. तेव्हा निडीच्या तिघी टेम्पोच्या मागच्या फळीला धरून उभ्या होत्या आणि आपल्या टोपलीकडे पाहत होत्या. मला पाहून बाजूला झाल्या. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

भिसे खिंडीतून रस्ता रोह्याकडे वळतो. दोन्ही बाजूंना साग आणि मधूनमधून कापलेल्या भाताची मोकळी खाचरं. काही खाचरांत वाल पेरलेला होता. भात काढला की त्याच ओलीवर वाल येतो, पाणी द्यावं लागत नाही, असं बोराडे मॅडमना कोणीतरी सांगितलं. आमच्या भागात पाण्याशिवाय दुसरं पीक हा विचारच नाही. मी ती खाचरं पाहत गेलो आणि मनातल्या मनात पहिल्या तीन संघांची वजनं लावत गेलो. निडीची टोपली सगळ्यात हलकी होती. आमचं खोकं तिच्या खालोखाल.

रोहा

रोह्याला एका शाळेच्या मैदानात टेबलं मांडली होती. मागे कुंडलिका नदी. आधी उघडायच्या चार खोक्यांत आमचं होतं. ते एका तरुण शिक्षकाने तोललं आणि उघडलं. उंदीर अभंग निघाला. मुलींनी उड्या मारल्या आणि मॅडमबरोबर जेवायला गेल्या. मग बाकीची मी घेतली. झोळीतल्या उंदराला काही झालं नव्हतं, पण झोळीचं सामान जड होतं. भुशातल्या उंदराचा एक कान गेला. कोंड्यातला उंदीर तळाशी जाऊन बसला होता आणि त्याचा मोदक वेगळा सापडला.

निडीची टोपली काट्यावर ठेवली. पेणच्या वजनापेक्षा नव्वद ग्रॅम कमी. मी काढून परत ठेवली. नव्वदच. मग पट्टी पाहिली. तिचं एक टोक सुटलं होतं.

मी दर्शनाला विचारलं, “ही वाटेत उघडली होती का?”

“नाय काका.”

“मग नव्वद ग्रॅम गेले कुठे?”

 ती टोपलीकडे पाहत राहिली, जणू टोपलीच सांगेल. तिच्या मागची एक मुलगी रडायला लागली. मी पाटील सरांना सांगितलं, वजन कमी आहे, पट्टी सुटली आहे, आणि नागोठण्याला या मुली टेम्पोपाशी होत्या हे मी स्वतः पाहिलं आहे. मी हळू बोललो नाही. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं ऐकत होती. एक मुलगा म्हणाला, “उंदीर चोरीचा माल खाऊन हलका झाला,” आणि हशा झाला. मी त्याला थांबवलं नाही. पाटील सरांनी टोपली उघडली. उंदीर दोन चुंबळींच्या मध्ये पिशवीत बसलेला, कान, शेपटी, मोदक सगळं जागच्या जागी. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, “नियम तर नियम आहे.” निडीच्या मुली बक्षिसाला थांबल्या नाहीत. संध्याकाळच्या गाडीने गेल्या.

पहिला क्रमांक बार्शीला आला. सायलीच्या संघाला चषक मिळाला.

नंतर नदीच्या काठाने आम्ही दोघं चालत होतो. चषक तिच्या हातात होता. तिने विचारलं, दर्शना कुठे दिसली नाही? मी सगळं सांगितलं. कसं वजन कमी भरलं, कशी पट्टी सुटली होती. काट्यासमोर ओळख नसते, असंही मी म्हणालो. मला वाटलं तिला पटेल.

ती थांबली. “बाबा, त्यांचा पेंढा ओला होता.”

“म्हणजे?”

“कोरडा मोडतो. वळताना पाणी शिंपडतात. उंदराला आधी पिशवीत गुंडाळायचं. तिनेच आम्हाला शिकवलं. आमचाही ओलाच होता.”

 सोयाबीन बाजार समितीच्या यार्डात येतं तेव्हा मी पहिली मूठ हातात घेतो ती ओल पाहायला. पोतं रात्रभर राहिलं की घट येते. सकाळी हमालावर कोणी आळ घेतला तर मीच म्हणतो, आधी विचारा, माल वाळलाय का. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की यार्डातली पोरं माझी नक्कल करतात. आणि त्या मुलीला मी हा एक प्रश्न विचारला नाही. खळ ओलीने सुटते हे कळायला तर तोलाईचीही गरज नव्हती. सकाळी उन्हावाऱ्याने वाळलेला टॉवेल मी स्वतःच्या हाताने घडी केला होता.

आम्ही मैदानात परत गेलो. आमचं खोकं कोपऱ्यात होतं. त्या तरुण शिक्षकाला विचारलं, तर तो सहज म्हणाला, “थोडं कमी होतं, साठ-पासष्ट ग्रॅम. म्हटलं काट्याचा फरक असेल. तुमच्या मुलीचं खोकं, त्यात काय संशय घ्यायचा?”

माझ्या मुलीचं, म्हणून संशय नाही. माझ्या प्रामाणिकपणाचा उपयोग एवढाच झाला होता.

पाटील सरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. निकाल लागला, फोटो निघाले, आता कशाला. मग सायली म्हणाली, “सर, दोघांचा पेंढा ओला होता. मग एकतर दोघी बाद, नाहीतर दोघी खऱ्या.” त्यांनी निकालाचा कागद पुन्हा काढून पाहिला आणि म्हणाले, “दोघी खऱ्या. मग निडीची टोपली हलकी, निडी पहिली. पण तुम्ही सांगा जाऊन. मला त्या मुलींसमोर उभं राहवणार नाही.”

पुण्याची जागा गेली, हे सायलीच्या बाकी दोघींना तिनेच सांगितलं. त्या रडल्या. तिने माझं नाव घेतलं नाही.

निडी

सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निडीला उतरलो, चषक टॉवेलात गुंडाळून. लहान स्टेशन, उतरणारे आम्हीच. दर्शनाचं घर विचारलं तर एका बाईने मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना दाखवावं तसं दाराशी आणून सोडलं.

तिची आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. वडील कंपनीत पहिल्या शिफ्टला गेले होते. मी माझं नाव सांगितलं. तिने शेंग हातातच ठेवली.

“तुमीच ते काट्यावाले?”

मी हो म्हणालो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. टोपली कोणी उघडली नव्हती, चूक माझी होती, पहिला क्रमांक तिच्या मुलीचा आहे. मी हात जोडले. तिने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली ते मी विसरणार नाही.

“रातच्याला मी तिला इचारलं, खरं बोल म्हणून. नाय म्हनाली. परत इचारलं. मी म्हटलं, काटा कशाला खोटं बोलंल? एक चापट मारली मी तिला.”

एवढं बोलून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. दोन-तीन शेंगांतले दाणे टरफलांत टाकले आणि टरफलं भांड्यात, ते तिच्या लक्षात आलं नाही. मला बसा असंही तिने म्हटलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं.

सायली आत गेली.  मग दोघी बाहेर आल्या. दर्शनाचे डोळे सुजलेले होते. मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली, व्हय की नाय ते कळलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, “काका, आमची किती कमी भरली व्हती?”

“नव्वद.”

“आनि तुमची?” हे सायलीला.

“पासष्ट.”

“टोपलीला भोकं जास्त,” ती म्हणाली. “म्हणून.”

मग ती उठली. मागच्या उडवीतून, म्हणजे गंजीतून, पेंढा ओढून आणला, पाणी शिंपडलं आणि ओटीच्या पायरीवर बसून चुंबळ वळायला घेतली. सायलीला तिने शेजारच्या दुकानातून काटा आणायला पाठवलं. दुकानदार काट्याबरोबर स्वतःही आला. काटा अंगणात उन्हात ठेवला, त्यावर चुंबळ.  मीही पायरीवर बसलो.

थोडा वेळ आकडा हलला नाही. मग एक ग्रॅम उतरला, मग आणखी एक. वारा आला की पटकन उतरायचा. दुकानदार म्हणाला, “आरं, हा तर माझा पन हिशेब चुकवतोय,” आणि आत जाऊन आपल्या दुकानात काय काय ओलं आहे ते पाहून आला. आई शेंगा सोडून काट्याजवळ येऊन बसली. हात गुडघ्यांभोवती, डोळे आकड्यावर. मी रोज काट्यासमोर बसतो, पण काट्याकडे असं पाहणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. बराच उतरल्यावर तिने हात पुढे केला आणि चुंबळीवरून नाही, मुलीच्या गालावरून फिरवला.

“चल गो,” ती म्हणाली. “रातपासून पोटात काय नाय तुझ्या. जेव.”

आम्हालाही वाढलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. बार्शीची भाकरी मोडून खायची, ही मऊ, घडी होणारी. मी घासागणिक पाणी पीत होतो आणि ती माऊली मात्र मला तिखट लागलं असं समजून वर खोबरं घालत होती. नको म्हणायचा हक्क मला आहे असं वाटेना, म्हणून वाढलं तेवढं खाल्लं.

निघताना सायलीने टॉवेल सोडून चषक दर्शनाच्या हातात दिला. दर्शना आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आली. दोघी पुढे चालत होत्या आणि पुण्याला टोपली वापरावी की खोकं, यावर वाद घालत होत्या. गाडी लांबून दिसली तेव्हा ती मागे वळून माझ्याजवळ आली.

“काका, पुन्याला काट्यावर तुमीच असाल?”

“नाही. मला कोण ठेवणार?”

“मग जो कोन असंल त्याला आधी सांगाल काय? पेंढा ओला हाय म्हनून.”

मी सांगेन म्हणालो. तिने मान हलवली. या वेळी ती व्हयच होती, पण मी सांगेन म्हणालो त्याला होती, मला माफ केल्याची नव्हती. मग ती सायलीशी बोलायला परत गेली आणि मी गाडी येईपर्यंत रुळांकडे पाहत उभा राहिलो.